‘नास्तिक’ शब्दाचा इतिहास व तत्संबंधीं कांहीं गैरसमज

‘नास्तिक’ हा शब्द आज मराठींत ज्या अर्थानें रूढ आहे तो अर्थ आणि आमच्या जुन्या ग्रंथांत त्याचा होणारा अर्थ यांमध्यें मोठें अंतर आहे. तें ध्यानांत न घेतल्यामुळें इतिहासाच्या लेखनांत बराच घोटाळा झालेला आढळतो. आज नास्तिक म्हणजे देव न मानणारा. परंतु व्यवहारांत हा शब्द एवढ्यावर थांबत नाहीं. जो देव मानीत नाहीं त्याला धर्म नाहीं, ज्याला धर्म नाहीं त्याला नीतीचा धाक नाहीं, आणि असली बुद्धि या देशांत इंग्रजी विद्येबरोबर आली, अशीं तीन अनुमानें त्या एका शब्दाला चिकटून येतात. जुन्या पोथींत ‘नास्तिक’ हें पद दिसलें कीं वाचणारा हीं तिन्ही अनुमानें त्या पोथीच्या माथीं मारतो. यांतलें एकहि अनुमान साधनांच्या कसोटीस उतरत नाहीं असें आमचें मत आहे. तें कां, हें पुढें दाखवितों.

या शब्दाची व्युत्पत्ति पाणिनीनें दिली आहे. अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायाच्या चौथ्या पादांतील साठाव्या सूत्रानें आस्तिक, नास्तिक आणि दैष्टिक हे तीन शब्द सिद्ध होतात. सूत्रांत काय ‘आहे’ आणि काय ‘नाहीं’, हें सांगितलेलें नाहीं. पतंजलीनें येथें मोठी गमतीची शंका काढली आहे. ज्याला मति आहे तो आस्तिक, असा सरळ अर्थ घेतल्यास चोरहि आस्तिक ठरेल. कारण मति चोरालाहि असतेच! म्हणून ‘आहे’ अशी ज्याची मति तो आस्तिक आणि ‘नाहीं’ अशी ज्याची मति तो नास्तिक, असा निर्णय त्यानें दिला. पण आहे काय? याचें उत्तर काशिकावृत्तींत स्पष्ट मिळतें. परलोक आहे असें मानणारा तो आस्तिक, आणि तद्विपरीत तो नास्तिक. ईश्वराचें येथें नांवहि नाहीं. वैयाकरण हे शब्दाच्या प्रचलित अर्थाचे साक्षीदार असतात. त्यांना एखाद्या दर्शनाचा पक्ष मांडावयाचा नसतो. त्यामुळें त्यांच्या साक्षीला आम्ही विशेष किंमत देतों.

हीच साक्ष दुसऱ्या बाजूनेंहि मिळते. कठोपनिषदांत नचिकेता यमाजवळ जो तिसरा वर मागतो, तो नेमक्या या दोन शब्दांभोंवतीं फिरतो. मेलेल्या मनुष्याविषयीं कोणी ‘आहे’ म्हणतात, कोणी ‘नाहीं’ म्हणतात, यांतलें खरें काय तें सांग, असा त्याचा प्रश्न आहे. पाली दीघनिकायांतील सामञ्ञफलसुत्तांत बुद्धाचा समकालीन अजित केसकंबली याचें मत दिलें आहे. दानाला फळ नाहीं, यज्ञाला फळ नाहीं, परलोक नाहीं, आणि मनुष्य चार महाभूतांचा बनलेला असून मेल्यावर तीं भूतें आपआपल्या ठिकाणीं मिळून जातात, असें तो म्हणतो. या मताला बौद्धांनीं ‘नत्थिकवाद’ असें नांव दिलें आणि त्याची गणना मिथ्यादृष्टींत केली. म्हणजे ज्या बौद्धांना आपण सर्रास नास्तिक म्हणतों, तेच नास्तिक हें दूषण दुसऱ्यास लावीत होते.

दुसरा अर्थ स्मृतिकारांचा. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत, तर्काच्या जोरावर श्रुतिस्मृतींचा अवमान करणाऱ्या द्विजास साधूंनीं बहिष्कृत करावें, कारण तो नास्तिक व वेदनिंदक होय, असें सांगितलें आहे. येथें कसोटी वेदाच्या प्रामाण्याची. ईश्वर या अर्थांतहि नाहींच.

या दोन कसोट्यांनीं निकाल अगदीं उलट लागतात. मनूच्या कसोटीनें बौद्ध व जैन नास्तिक. काशिकेच्या कसोटीनें ते आस्तिक, कारण पुनर्जन्म आणि कर्मफल दोघांनाहि पूर्ण मान्य आहे. आठव्या शतकांतील जैन आचार्य हरिभद्रसूरि यानें आपल्या षड्दर्शनसमुच्चयांत बौद्ध, नैयायिक, सांख्य, जैन, वैशेषिक व जैमिनीय अशीं सहा दर्शनें घेऊन त्या सर्वांस आस्तिक म्हटलें आहे. लोकायत मात्र त्यानें या पंक्तीबाहेर ठेविलें. शाळेंत शिकविलें जाणारें ‘सहा आस्तिक आणि तीन नास्तिक दर्शनें’ हें कोष्टक सनातन आहे अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनीं हरिभद्राची यादी अवश्य पाहावी. नागार्जुनावर शून्यवादामुळें नास्तिकपणाचा आरोप होत असे; पण रत्नावलींत तो स्वतः नास्तिकास दुर्गति सांगतो आणि आपण त्यांतला नव्हे असें बजावतो. पुढें सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलनें आईन-इ-अकबरींत हिंदुस्थानांतील नऊ मतांची माहिती दिली, तींत जैन, बौद्ध आणि नास्तिक हीं तीन मतें निरनिराळीं मांडलीं आहेत. अकबराच्या दरबारीं माहिती देणाऱ्या पंडितांच्या मनांत निदान चार्वाकाची कोठडी स्वतंत्र होती, एवढें यावरून निश्चित होतें.

आतां खरा प्रश्न ईश्वराचा. ईश्वर नाकारणारा तो धर्मबाह्य, ही समजूत ज्या एका दर्शनानें पार ढांसळते, तें म्हणजे पूर्वमीमांसा. धर्म म्हणजे काय, याचाच विचार करण्यासाठीं निघालेलें हें शास्त्र. वेदविहित कर्माचा याहून कडवा कैवारी दुसरा सांपडणार नाहीं. आणि याच शास्त्राच्या सातव्या शतकांतील महान् आचार्यानें, कुमारिलभट्टानें, जगत्कर्त्या ईश्वराचें जें खंडन श्लोकवार्तिकाच्या संबंधाक्षेपपरिहार या प्रकरणांत केलें आहे, तें वाचून आजचा बुद्धिवादीहि चकित होईल. सृष्टीच्या आधीं कोणीच नव्हतें, तर ईश्वरानें ती निर्माण केली हें पाहिलें कोणी? शरीरावांचून त्याला इच्छा कशी झाली, आणि शरीर असेल तर तें कोणीं घडविलें? दयेनें त्यानें सृष्टि केली म्हणावें, तर ज्यांची दया यावी ते प्राणीच तेव्हां नव्हते. शिवाय दयाळूनें केलेली सृष्टि अशी दुःखानें भरलेली कां? कांहीं हेतु धरून केली म्हणावें, तर तो पूर्णकाम नव्हे. हेतूवांचून केली म्हणावें, तर मूर्खहि हेतूवांचून हातपाय हालवीत नाहीं. असा हा युक्तिवाद आहे.

कुमारिलाच्याहि पूर्वीं शबरस्वामीनें नवव्या अध्यायांतील देवताधिकरणावर भाष्य करितांना ठरवून टाकिलें होतें कीं, देवतेला शरीर नाहीं, ती हवि खात नाहीं, प्रसन्न होत नाहीं आणि फळहि देत नाहीं. फळ कर्मापासून मिळतें. देवता ही त्या कर्माचें एक अंग. याज्ञिकाच्या तोंडीं इंद्र, अग्नि, वरुण यांचीं नांवें अखंड असतात, पण त्या नांवांमागें कोणी बसलेला आहे असें मानण्याची त्याला गरज नाहीं. आणि एवढें करूनहि कुमारिल स्वतःला आस्तिकच समजतो. किंबहुना, मीमांसा लोकांत लोकायतासारखी होऊन बसली होती, तिला आस्तिकांच्या मार्गावर आणण्यासाठीं आपला हा प्रयत्न आहे, असें तो श्लोकवार्तिकाच्या आरंभींच सांगतो. ज्यानें ईश्वराचें खंडन केलें, तोच आस्तिकांच्या मार्गाचा जीर्णोद्धार करतों म्हणतो, आणि यांत त्याला किंवा त्याच्या वाचकांना कसलाहि विरोध भासत नाहीं! या एका गोष्टीवरून ‘आस्तिक’ शब्दाचा त्या काळचा अर्थ जितका उलगडतो, तितका दहा कोशांवरून उलगडणार नाहीं. त्याच ग्रंथाच्या मंगलश्लोकांत शिवाला नमन आहे खरें. पण पार्थसारथिमिश्र या टीकाकारानें तो श्लोक यज्ञपरहि लावून दाखविला आहे. टीकाकाराला ती खटपट करावीशी वाटली, हेंच पुष्कळ बोलकें आहे.

मराठी मुलखाशीं या शास्त्राचा संबंध निकट आहे. शके १५९६ मध्यें (इ. स. १६७४) रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक करणारा गागाभट्ट हा मूळच्या पैठणच्या व पुढें काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यांतला, त्याचा भाट्टचिंतामणि हा ग्रंथ कुमारिलाच्याच संप्रदायाचा आहे. गागाभट्ट व्यक्तिशः निरीश्वरवादी होता असें आम्हांस मुळींच सुचवावयाचें नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ज्या शास्त्राच्या मूळ आचार्यांनीं जगत्कर्ता नाकारला, त्या शास्त्राचा पंडित असणें हें क्षत्रियत्व सिद्ध करून देणाऱ्या ब्राह्मणाच्या अधिकाराला बाधक तर नव्हतेंच, उलट तें त्या अधिकाराचें गमक होतें.

मात्र त्या सतराव्या शतकापर्यंत वारें फिरलें होतें. आपदेवाच्या मीमांसान्यायप्रकाशांत तेंच वैदिक कर्म ईश्वरार्पणबुद्धीनें केल्यास मोक्षाला कारण होतें, असें शेवटीं जोडलेलें दिसतें. काशींतील खंडदेवाची गोष्ट तर वाचकांस ठाऊक असावी अशीच आहे. भाट्टदीपिकेंत देवताधिकरणाचा सिद्धांत त्यानें नेहमींच्या चोखपणानें मांडला, आणि शेवटीं, असें बोलतांना आपली वाणी विटाळते, म्हणून हरिस्मरण हाच आपला आधार, अशी कबुली देऊन टाकली. शास्त्र एकीकडे, हृदय दुसरीकडे. शबराला जें सहज म्हणतां आलें, तें म्हणतांना खंडदेवाची जीभ अडखळली. या दोघांच्या मधल्या हजारबाराशें वर्षांत ‘आस्तिक’ शब्दांत ईश्वर येऊन बसला होता.

तो कसा बसला याचा पूर्ण इतिहास लिहावयाचा तर स्वतंत्र ग्रंथ होईल. नैयायिकांचा त्यांत मोठा वांटा आहे. दहाव्या-अकराव्या शतकांतील उदयनाचार्यानें न्यायकुसुमांजलि हा ग्रंथ ईश्वराच्या सिद्धीसाठींच लिहिला. आरंभीं तो म्हणतो कीं, प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या रूपानें याच तत्त्वाची उपासना करीत आहे. आणि त्या यादींत सांख्य, बौद्ध, जैन, मीमांसक यांच्याबरोबर चार्वाक आणि कारागीर यांनाहि त्यानें गोंविलें आहे. पुढें भक्तिसंप्रदाय फैलावले आणि भजन न करणारा तो नास्तिक, असा अर्थ बहुजनांच्या बोलींत मुरला. त्यावर अव्वल इंग्रजींत ‘एथिइस्ट’ या परकीय शब्दाला प्रतिशब्द म्हणून ‘नास्तिक’ योजला गेला, आणि मग जुने दोन अर्थ पंडितांच्या पोथ्यांतच राहिले. त्या परकीय शब्दाचा इतिहासहि असाच वांकडातिकडा आहे, हें जातां जातां नमूद करावेंसें वाटतें. इ. स. पूर्वीं ३९९ मध्यें अथेन्सच्या न्यायसभेनें सॉक्रेटिसास देहदंड दिला, त्या आरोपांत नगराचे देव न मानणें हा एक होता. आणि पुढें रोमन साम्राज्यांत ‘देवहीन’ ही शिवी आरंभींच्या ख्रिस्ती लोकांस मिळत असे! दुसऱ्याचा देव न मानणारा तो देवहीन, एवढाच तेथें अर्थ.

नीतीसंबंधींचा गैरसमज प्रायः चार्वाकाच्या नांवावर खपतो. ऋण काढून तूप प्यावें, असा उपदेश करणारा तो चार्वाक, हें शाळकरी पोरालाहि पाठ असतें. या वचनाची परीक्षा फार उद्बोधक आहे. तें ज्या ग्रंथामुळें प्रसिद्ध झालें तो माधवाचार्याचा सर्वदर्शनसंग्रह चौदाव्या शतकांतला. पुण्यास वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांनीं स्वतःच्या टीकेसह संपादिलेली त्याची आवृत्ति १९२४ सालीं भांडारकर संस्थेनें प्रसिद्ध केली. ती उघडून पहिलें प्रकरण पाहावें. प्रकरणाच्या आरंभीं हा श्लोक येतो तेव्हां त्यांत तुपाचें व ऋणाचें नांव नाहीं. जिवंत आहे तोंवर सुखानें जगावें, मृत्यूच्या आटोक्याबाहेर कोणीच नाहीं, एवढाच अर्थ आहे. प्रकरणाच्या शेवटीं तोच श्लोक पुन्हा येतो, आणि तेथें मृत्यूच्या जागीं तूप आलेलें दिसतें. नवव्या शतकांतील जयंतभट्टाच्या न्यायमंजरींत मृत्यूचाच पाठ आहे. जयंतभट्ट चार्वाकांचा मित्र नव्हता. कर्जाचा पाठ त्याला माहीत असता तर असलें आयतें हत्यार त्यानें सोडलें नसतें. तेव्हां तुपाचा पाठ मागाहूनचा आणि प्रतिपक्ष्यांनीं थट्टेनें केलेला, हें अनुमान आम्हांस सयुक्तिक वाटतें. एका संप्रदायाची सारी नीति लोकांनीं एका पाठभेदावरून ठरवावी, हा प्रकार शोचनीय आहे.

चार्वाकांचा छळ झाला याला पुरावा म्हणून महाभारताच्या शांतिपर्वांतील कथा पुढें करण्यांत येते. युधिष्ठिर हस्तिनापुरांत प्रवेश करितो त्या वेळीं चार्वाक नांवाचा राक्षस भिक्षूच्या वेषानें येऊन त्याची निर्भर्त्सना करितो, आणि ब्राह्मण त्यास हुंकारानें दग्ध करितात. परंतु हा चार्वाक बोलतो काय? तो परलोक नाकारीत नाहीं, वेदांची निंदा करीत नाहीं. ज्ञातिवध करणाऱ्या राजाचा धिक्कार असो, एवढेंच म्हणतो, आणि कथेंत त्याची ओळख दुर्योधनाचा मित्र अशी दिली आहे. या कथेवरून जडवाद्यांच्या हत्याकांडाचा इतिहास उभारणें आम्हांस मान्य नाहीं. तसेंच, आमच्या देशांत मतस्वातंत्र्य पूर्ण असल्यामुळें नास्तिकास कधींच उपद्रव झाला नाहीं, हा उलट बाजूचा अभिमानहि मनूच्या बहिष्काराच्या आज्ञेपुढें टिकत नाहीं.

बृहस्पतीचीं मूळ सूत्रें लुप्त झालीं. तरी या पक्षाशीं नातें सांगणारा एक समग्र ग्रंथ हातीं आला आहे, आणि तो कोठें सांपडला हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. जयराशिभट्टाच्या तत्त्वोपप्लवसिंहाची ताडपत्रावरील पोथी १९२६ सालीं गुजरातेंतील पाटण येथें उजेडांत आली. पंडित सुखलालजी व रसिकलाल पारीख यांनीं तिचें संपादन करून १९४० सालीं बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत ती प्रसिद्ध केली. प्रत्यक्ष प्रमाणासुद्धां टिकत नाहीं असें म्हणून जयराशि सर्वच दर्शनांची, जैनांचीहि, वाताहत करितो. त्याची पोथी जैनांनीं शतकानुशतकें जपून ठेविली. वादांत प्रतिपक्ष्याचें म्हणणें त्याच्याच शब्दांत माहीत असावें, ही जैन आचार्यांची शिस्त येथें इतिहासाच्या उपयोगीं पडली. धर्मसंस्था आणि नास्तिक यांचा संबंध केवळ हाडवैराचाच, असें ज्यांना वाटतें त्यांनीं या पोथीचा प्रवास लक्षांत घ्यावा.

अर्वाचीन महाराष्ट्रांत हा शब्द शस्त्रासारखा वापरला गेला आहे. ‘सुधारक’ पत्र १८८८ मध्यें काढणारे गोपाळ गणेश आगरकर ईश्वराच्या बाबतींत अज्ञेयवादी होते. त्यांची नीतिनिष्ठा व निर्धन राहणी प्रतिपक्ष्यांनाहि ठाऊक होती. तरी जिवंतपणीं त्यांची प्रेतयात्रा काढण्यापर्यंत पुण्याच्या लोकांची मजल गेली. त्यांचे विचार मिल्ल व स्पेन्सर यांच्या वाचनानें घडले हें खरें, पण म्हणून शंका हीच परकी, हें म्हणणें कठोपनिषदाच्या आणि कुमारिलाच्या वारसांना शोभत नाहीं. कौटिल्यानें तर सांख्य, योग आणि लोकायत यांनाच आन्वीक्षिकी म्हणून राजपुत्राच्या अभ्यासांत घातलें आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं लाखों अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला, तेव्हां ब्रह्मा, विष्णु, महेश यांस देव मानणार नाहीं, ही त्या बावीस प्रतिज्ञांतील पहिली प्रतिज्ञा होती. ईश्वराला स्थान न देणारा धर्म पत्करणें ही कल्पना ज्यांना विसंगत वाटते, त्यांनीं २०११ च्या जनगणनेचे आंकडे पाहावेत. देशांतील सुमारें ८४ लाख बौद्धांपैकीं ६५ लाख महाराष्ट्रांत आहेत. जैन ४४ लाखांवर असून त्यांतील १४ लाख येथलेच. जगत्कर्ता न मानणारे हे दोन्ही समाज सरकारी दप्तरांत धर्माच्या रकान्यांत नोंदलेले आहेत, आणि तें यथायोग्यच आहे. इतकें असूनहि २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत ज्यांची हत्या झाली ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांना हयातभर सांगत राहावें लागलें कीं, आपल्या समितीचें काम देवाधर्माविरुद्ध नसून देवाधर्माच्या नांवानें चालणाऱ्या फसवणुकीविरुद्ध आहे. ऐकणाऱ्यांच्या मनांत या दोन गोष्टी कधींच एकजीव होऊन गेल्या होत्या.

याच्या उलट, आमचे पूर्वज मुळांत बुद्धिवादीच होते, असें सांगणारा एक नवा वर्ग निघाला आहे, आणि तो कुमारिलाचें ईश्वरखंडन मोठ्या हौसेनें पुढें करितो. त्यांच्याशींहि आमचा मतभेद आहे. कुमारिलानें ईश्वर नाकारला तो वेदाला कर्ता लागूं नये म्हणून. वेद अपौरुषेय ठरले कीं त्यांत चूक संभवत नाहीं. मग ज्या तर्कानें जगत्कर्ता जातो, त्याच तर्कानें बुद्धाचें सर्वज्ञत्वहि जातें, आणि यज्ञाचा अधिकार ज्या वर्णांस आहे त्यांच्यापाशींच राहतो. शंकेचें स्वातंत्र्य मिळवून देणें हा त्या खंडनाचा हेतु नव्हता. ज्या काळच्या माणसाला जो प्रश्न पडला, त्याच प्रश्नाचें उत्तर म्हणून त्याचें वाक्य वाचलें पाहिजे.

चार्वाकांपुरतें बोलावयाचें तर काम पुष्कळ उरलें आहे. पुरंदर, कंबलाश्वतर, अविद्धकर्ण, उद्भट हीं नांवें इतरांच्या ग्रंथांतील उल्लेखांवरूनच आपणांस कळतात. आठव्या शतकांतील कमलशीलाची तत्त्वसंग्रहपंजिका १९२६ सालीं बडोद्यास प्रसिद्ध झाली. चार्वाक केवळ प्रत्यक्षच मानतात अशी प्रसिद्धि असतां, लोकव्यवहारांतील अनुमान चार्वाकांसहि मान्य आहे, लौकिक मार्ग सोडून पलीकडे धांवणारें अनुमान तेवढें त्यांस अमान्य, असें पुरंदराचें मत तींत नोंदलेलें आहे. बाराव्या शतकांतील वादिदेवसूरीच्या स्याद्वादरत्नाकरांतहि या पक्षाचे उतारे आहेत. एकेका आचार्याच्या नांवाखालीं हे उतारे एकत्र लावून, बौद्ध, जैन व नैयायिक या तिघांनीं दिलेले पाठ शेजारीं शेजारीं ताडून पाहिले, तर तुपाच्या श्लोकासारखे आणखी किती पाठ मागाहून आले तें ठरवितां येईल.